डीटीएस ५.१ ट्रॅकचे डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर केल्यावर ध्वनी हळूहळू मागे पडतो

प्रश्न: तारषड्ज

नमस्कार. माझ्या संग्रहातील एका ब्लू-रे चकतीची प्रत घरातील संगणकावर ठेवायची आहे. तिच्यावरील ध्वनी डीटीएस ५.१ (सहा चॅनेलच्या सराउंड ध्वनीचा एक प्रकार) स्वरूपात असून माझा जुना ॲम्प्लिफायर केवळ डॉल्बी डिजिटल ओळखतो. म्हणून मी चित्र आणि ध्वनी वेगवेगळे काढले, ध्वनीची सहा चॅनेलची २४ बिट वेव्ह फाइल केली, ती ६४० किलोबिटने एसी-३ मध्ये (म्हणजेच डॉल्बी डिजिटलमध्ये) एन्कोड केली आणि एमकेव्हीटूलनिक्स या चित्र-ध्वनी जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही पुन्हा जोडले. चित्रपट २४ फ्रेमचे असतात म्हणून जोडताना चित्राच्या वेगासाठी २४ हा आकडा दिला.

आरंभी ओठांची हालचाल आणि संवाद अगदी जुळतात. दहाव्या मिनिटाला मात्र ध्वनी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक मागे असतो, एका तासाला साडेतीन सेकंदांहून अधिक आणि सव्वा तासाला सुमारे साडेचार सेकंद. त्यानंतर १ तास २२ मिनिटे ५१ सेकंदांना ध्वनी पूर्णपणे थांबतो आणि चित्र पुढे चालू राहते. प्लेअरमध्ये ध्वनी पुढेमागे सरकवण्याची सोय वापरली, पण एका ठिकाणी जुळवले की दुसरीकडे बिघडते. ध्वनी ताणून घेणे हा योग्य उपाय आहे का?

उत्तर: मध्यसप्तक

ध्वनी ताणू नका. तो निर्दोष आहे, दोष चित्राच्या वेगात आहे. आपण तीन ठिकाणी फरक मोजून लिहिलात, त्यामुळे निदान सोपे झाले. फरक सर्वत्र सारखा असता तर तो केवळ विलंब ठरला असता आणि सरकवण्याने मिटला असता. आपल्याकडे तो वेळेच्या प्रमाणात वाढतो आहे, आणि तासाला ३.६ सेकंद म्हणजे नेमका हजारात एक. हा आकडा दिसला की २४ आणि २३.९७६ यांची गल्लत झाली आहे असे बहुतेक वेळा खुशाल समजावे.

ब्लू-रेवरील बहुसंख्य चित्रपटांचा वेग सेकंदाला २४ फ्रेम नसून २४,००० भागिले १,००१, म्हणजे सुमारे २३.९७६ फ्रेम असतो. आपण २४ हा आकडा दिल्याने प्रत्येक फ्रेम किंचित लवकर येते, चित्र पुढे पळते आणि मूळ वेगाने चालणारा ध्वनी मागे राहिल्यासारखा वाटतो. एमकेव्हीटूलनिक्समध्ये चित्राच्या ट्रॅकसाठी फ्रेमचा कालावधी ठरवण्याचा जो रकाना आहे, त्यात २४०००/१००१ हा अपूर्णांक तसाच द्या. दशांशात गोल केलेला आकडा देण्यापेक्षा हे चांगले. रकाना मोकळा सोडणेही धोक्याचे आहे, कारण सुट्या काढलेल्या चित्रप्रवाहात वेगाची नोंद नसेल तर प्रोग्रॅम २५ फ्रेम गृहीत धरतो.

माझे स्पष्ट मत असे, की केवळ ध्वनी बदलायचा असताना चित्र सुटे काढूच नये. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅमला मूळ फाइल देऊन चित्र जसेच्या तसे कॉपी करायला आणि फक्त ध्वनी एसी-३ मध्ये बदलायला सांगितले, तर प्रत्येक फ्रेमच्या वेळेची मूळ नोंद सोबत राहते आणि ही चूक घडायला जागाच उरत नाही.

उत्तर: खर्जातला

ध्वनी थांबतो त्याचे कारण वेगळे आहे आणि तेही आपल्याच आकड्यांत दडलेले आहे. सहा चॅनेल, प्रत्येक नमुन्याला (ध्वनीच्या एका मोजमापाला) तीन बाइट आणि सेकंदाला ४८,००० नमुने, असा हिशेब केला की सेकंदाला ८,६४,००० बाइट होतात. वेव्ह फाइलच्या शीर्षात आकारासाठी ३२ बिटच असल्यामुळे तिची मर्यादा ४ जीबी आहे, आणि या वेगाने ती ४,९७१ सेकंदांत, म्हणजे १ तास २२ मिनिटे ५१ सेकंदांत भरते. मधली फाइल हवीच असेल तर डब्ल्यू६४ किंवा आरएफ६४ या मोठ्या फाइलींना चालणाऱ्या स्वरूपात करा. वर सुचवल्याप्रमाणे थेट रूपांतर केले तर मधल्या फाइलची गरजच पडत नाही.

फरक सलग न वाढता एकदम पायरीसारखा वाढत असेल, तर चित्रपट चकतीवर अनेक तुकड्यांत साठवलेला असण्याची शक्यता तपासा. तुकडे नुसते एकापुढे एक जोडले की प्रत्येक सांध्यावर ध्वनीचा लहानसा अंश अधिक राहतो आणि तो साचत जातो. अशा वेळी प्लेलिस्टची फाइल उघडावी, सुटे तुकडे नव्हे.

प्रश्न: किनारपट्टी

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे युरोपात घेतलेली पाल पद्धतीची (तिकडच्या २५ फ्रेमच्या टीव्ही पद्धतीची) डीव्हीडी आहे आणि तिचा ५.१ ध्वनी मला माझ्या ब्लू-रेच्या चित्राला जोडायचा आहे. येथे फरक काही मिनिटांचा पडतो.

उत्तर: मध्यसप्तक

पाल डीव्हीडीसाठी चित्रपट बहुधा २५ फ्रेमच्या वेगाने धावतो, म्हणून ब्लू-रेवरील दोन तासांचा चित्रपट तिथे सुमारे पाच मिनिटे आधी संपतो. येथे मात्र ध्वनीच बदलावा लागतो: त्याचा वेग ०.९५९०४ पट करायचा.

आधी कानाने एक गोष्ट ठरवा. ओळखीच्या कलाकाराचा आवाज डीव्हीडीवर किंचित चढा लागत असेल (फरक अर्ध्या स्वराहून, म्हणजे एका सेमीटोनहून, थोडा कमी, सुमारे पाऊण सेमीटोनचा असतो), तर ध्वनी नुसता जलद वाजवलेला आहे. मग नमुन्यांचा दर ४८,००० ऐवजी ४६,०३४ मानून ध्वनी पुन्हा ४८,००० वर आणावा. वेग आणि पट्टी दोन्ही मूळपदावर येतात आणि सहाही चॅनेलवर अगदी सारखीच क्रिया होते. आवाज मूळ पट्टीतच असेल तर एफएफएमपेगचा एटेम्पो फिल्टर वापरावा, जो पट्टी कायम ठेवून फक्त वेग बदलतो. सराउंड ध्वनीसाठी मी पहिला मार्ग शक्य असेल तेव्हा तोच पत्करतो.

वेग जुळल्यावर आरंभीचा स्थिर विलंब उरतोच, कारण दोन्ही चकत्यांवरील सुरुवातीची बोधचिन्हे सारख्या लांबीची नसतात. तो एखाद्या दार आपटण्याच्या किंवा टाळीच्या फ्रेमवर मोजून एकदाच सरकवा आणि शेवटच्या दहा मिनिटांतील अशाच दुसऱ्या जागी पडताळून पाहा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीटी.१३५९ शिफारशीनुसार ध्वनी ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतो. म्हणून शंका असेल तेव्हा ध्वनी किंचित मागे ठेवावा, पुढे नको.