काटेरी डोक्याचा डोंगरी सरडा: नवी जात कशावरून?

प्रश्न: तमिळनाडूतील मेघमलईच्या डोंगरांतून २०१८ मध्ये मोनिलेसॉरस अकँथोसेफॅलस ही सरड्याची नवी जात नोंदवली गेली. केवळ डोक्यावरील काट्यांवरून जात वेगळी मानता येते का?

उत्तर १: नाही. नावात ग्रीकमधील ‘काटा’ आणि ‘डोके’ हे शब्द असले, तरी त्या अभ्यासात खवले, शरीररचना, आढळक्षेत्र आणि डीएनए यांचा एकत्रित विचार झाला, आणि त्यातूनच पूर्वी कॅलोटिस या सरड्यांच्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गणलेल्या काही जाती मोनिलेसॉरस या नव्या प्रजातीत आल्या. मला हीच पद्धत भरवशाची वाटते.

उत्तर २: याच प्रजातीतील मोनिलेसॉरस रूक्सी आपल्या सह्याद्रीतही आहे. विणीच्या हंगामात खोडाला बिलगलेल्या नराचे डोके विटकरी लाल आणि अंग काळपट झालेले असते. ओळख पटवताना खांद्यापुढची त्वचेची घडी अवश्य पाहावी.