मदत हवी आहे : ज्येष्ठ नागरिक संघात पर्यावरणावर बोलायचंय, मतदानाआधी. काय बोलू?

आसावरी_प
लवकर सांगा प्लीज. रविवारी सकाळी आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाने वीस मिनिटं दिलीयेत, त्यांच्या भजनाआधी. आमचा ग्रुप छोटा, सगळे नोकरीवाले, ओढा आणि झाडं यावर काम करतो. मागे आमच्यातल्या एकाने प्रेझेंटेशन नेलं होतं, तापमानवाढीचे आलेख, दीड डिग्री, कार्बन वगैरे, तर निम्मे लोक चहाला उठले आणि एक काका म्हणाले, आमचे आता किती दिवस राहिले, तुम्ही तरुणांनी बघा हे. मला फार लागलं ते कारण मत द्यायला हीच मंडळी न चुकता जातात, आमच्या सोसायटीतली पंचविशीतली पोरं सुट्टी मिळाली की लोणावळ्याला. यांना पर्यावरणाच्या मुद्द्यावर मत द्यायला कसं पटवायचं? कोणी प्रत्यक्ष केलंय का? थिअरी नको.

गोदाकाठ
कुठलं शहर? मतदान कुठलं?

आसावरी_प
१५ जानेवारी २०२६, महापालिका. अजून कुठलं.

गोदाकाठ
ताई त्या दिवशी २९ महापालिकांचं मतदान आहे, मी नाशिकचा. आमच्याकडे कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून वातावरण तापलंय. तिथे मी एकच बघितलं, झाड डोळ्यासमोर असलं की म्हातारी माणसंसुद्धा येऊन उभी राहतात, सभागृहात बोलावलं की येत नाहीत. तुमच्या भागात काय आहे ते सांगा.

आसावरी_प
पुणे. सिंहगड रोड साइड. सभागृहच मिळालंय, तेवढंच आहे हातात.

टेकडीवाला
सभागृह सोडा, टेकडीवर जा. वेताळ टेकडीवर सकाळी सहाला निम्मी गर्दी साठीच्या वरची असते. बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ ला लोक जमले त्यात या रोजच्या फिरणाऱ्यांचा मोठा हात होता. त्यांना क्लायमेट शब्द सांगावा लागला नाही, रोजची पायवाट जाणार एवढं कळलं की पुरे. माझं ऐका, रविवारचा कार्यक्रम रद्द करून सगळ्यांना टेकडीवर न्या.

मंजिरी_७
सिंहगड रोडच्या गुडघेदुखीवाल्या आज्यांना वेताळ टेकडीवर कशा नेणार? प्रत्येक धाग्यावर टेकडी.
आसावरी, उमेदवार कोण आहे तुमचा? ते सांगितलंच नाहीस.

आसावरी_प
उमेदवार नाही कोणी. आम्ही कोणत्याच पक्षाचे नाही. सगळ्याच उमेदवारांना नदी-ओढा-झाडं यावर प्रश्न विचारा आणि मग मत द्या एवढंच म्हणायचंय.

सौर_प्रकाश
ज्येष्ठांसाठी उत्तम विषय म्हणजे छतावरचं सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, पेन्शनवाल्यांना बिलाची चिंता असते. मी आमच्या बंगल्यावर बसवलंय. कोणाला माहिती हवी असेल तर विचारा.

आसावरी_प
धन्यवाद पण माझा प्रश्न मतदानाचा आहे हो.

निवृत्त_पाटबंधारे
मी ७४ वर्षांचा आहे, म्हणजे तुम्ही ज्यांना पटवायला निघालात त्यातला. आधी एक सांगतो, 'पटवायचं' हे डोक्यातून काढा. आम्हाला सांगू नका, विचारा.
१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. नारायण पेठेतला वाडा. आई पितळेचे डबे माळ्यावर चढवत होती आणि वडील ओरडत होते डबे सोड, पोरांना घे. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली ती माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. तुमच्या त्या संघात अशी चार-पाच माणसं तरी बसलेली असणार. त्यांना विचारा, ओढा पूर्वी केवढा होता, कुठून वाहायचा, त्यावर आज काय उभं आहे. मग २५ सप्टेंबर २०१९ ची आंबील ओढ्याच्या पुराची रात्र काढा, मग २५ जुलै २०२४ ची नदीकाठची एकतानगरी. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं आणि पहाटे लोकांच्या घरात पाणी. १९६१ ला धरण फुटलं होतं, ६१ ची आणि २४ ची तुलना होत नाही, पण २४ ला धरण शाबूत असताना घरं बुडली याचा विचार करा. पाऊस कमी वेळात जास्त कोसळायला लागलाय आणि नदीला पसरायला जागा उरलेली नाही. तुमच्या आलेखात जे आहे ते या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना फक्त कोणी विचारत नाही. आणि 'आमचे किती दिवस राहिले' म्हणणाऱ्या काकांना वाटलं असणार की तुम्हाला त्यांचं फक्त मत हवंय.

मंजिरी_७
काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे.

संगम_ब्रिज
पूर आला म्हणूनच नदीकाठ सुधार प्रकल्प हवा. ४४ किलोमीटर काठ बांधून निघाला की स्वच्छ आणि सुरक्षित. विरोध करणाऱ्यांना विकासच नको असतो.

निवृत्त_पाटबंधारे
काठ बांधून पाणी कमी होत नाही, पात्र अरुंद झालं की पातळी वर चढते. नोकरीभर हेच केलंय. मैलापाणी आधी थांबवा, मग काठावर बाग करा.

संगम_ब्रिज
मग अहमदाबादला साबरमतीत जमलं ते?

निवृत्त_पाटबंधारे
तिथे शहरातलं पाणी नर्मदा कालव्यातून आणून भरलेलं आहे. आपल्याकडे वर चार धरणं आणि घाटावरचा पाऊस. दोन नद्या सारख्या नाहीत.

आसावरी_प
हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या ना प्लीज, रविवार जवळ आलाय.

बाळासाहेब_के
ज्येष्ठांसाठी घरबसल्या मतदान असतं. फॉर्म १२-ड भरून घ्या सगळ्यांचे, ८५ च्या वरच्यांचे. लोकसभेला माझ्या सासूबाईंनी केलं.

झेडपी_शिक्षिका
नाही, ते लोकसभा-विधानसभेला, केंद्रीय निवडणूक आयोगाचं. महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे आहे, यात घरून मतदान नाही. उगाच फॉर्म वाटले तर म्हातारी माणसं घरात वाट बघत बसतील आणि मत जाईल. मी निवडणूक ड्यूटी केलीये म्हणून सांगते. वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच, सकाळी लवकर न्या. वयस्कर लोकांना रांगेत उभं करत नाहीत, आत घेतात, पण त्यांना ते माहीत नसतं म्हणून ते गर्दी बघून परत जातात. आणि पुण्यात बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची आहेत. एक बटण दाबून बाहेर निघालेले आजोबा मी स्वतः परत बोलावलेत, चारही झाल्याशिवाय शेवटचा आवाज येत नाही. मागची निवडणूक २०१७ ची, एवढ्या वर्षांत लोक विसरलेत. यादीत नाव आणि केंद्र आधी बघून चिठ्ठी हातात द्या, केंद्रं बदललीयेत बऱ्याच ठिकाणी.

आसावरी_प
हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. यादी तपासायचं टेबल रविवारीच लावतो.

मीनल_झुरिच
इकडे स्वित्झर्लंडमध्ये ज्येष्ठ बायकांची क्लिमासेनिओरिनेन म्हणून संघटना आहे, दोन हजारांवर सभासद, सरासरी वय सत्तरीच्या पुढे. उष्णतेच्या लाटेचा त्रास वयस्कर बायकांना जास्त होतो हा मुद्दा घेऊन स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेल्या आणि ९ एप्रिल २०२४ ला देशाविरुद्ध जिंकल्या. नातवंडांसाठी करा असं त्या म्हणाल्या नाहीत, आमच्या तब्येतीचा प्रश्न आहे म्हणाल्या. तुमच्याकडेही एप्रिल-मेच्या दुपारी बसस्टॉपवर सावली नाही, त्याचा त्रास आधी कोणाला होतो?

टेकडीवाला
कोर्टकचेऱ्या राहू द्या, इथे नगरसेवक निवडायचाय.

मंजिरी_७
पण सावलीचा मुद्दा बरोबर आहे. माझी आई रस्ता रुंदीकरणात झाडं गेल्यापासून दुपारी बँकेत जात नाही. आसावरी, संक्रांतीचं हळदीकुंकू कर, बायका तिथे मोकळेपणी बोलतात.

झेडपी_शिक्षिका
संक्रांत १४ ला, मतदान १५ ला, प्रचार १३ च्या संध्याकाळी बंद. त्यानंतर उमेदवाराचा विषय काढू नका. तिळगूळ देताना उद्या मतदानाला या, चिठ्ठी घेऊन या, एवढं म्हणा.

आसावरी_प
ठरलं. पहिली दहा मिनिटं फक्त ऐकायची, ओढा-पूर-झाडं यावर. मग त्यांच्याच बोलण्यातून चार प्रश्न मोठ्या अक्षरात लिहायचे, ते घेऊन उमेदवारांना ते स्वतः विचारतील, आम्ही मागे उभे राहू. निवृत्त काका, तुम्ही याल का? आणि अजून एक, ज्यांना चालता येत नाही त्यांना आमच्या गाड्यांतून केंद्रावर नेलं तर चालेल ना?

झेडपी_शिक्षिका
उमेदवाराच्या पैशाने गाडी असेल तर गुन्हा. शेजाऱ्याला आपल्या गाडीतून नेणं वेगळं, पण गाडीवर झेंडा, स्टिकर, पत्रक काही नको. तरी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. व्हीलचेअरचंही तिथेच विचारा, रॅम्प कुठल्या गेटला आहे ते आदल्या दिवशी जाऊन बघा.

निवृत्त_पाटबंधारे
येतो. संघाचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. १९६१ च्या आधीचा नदीचा नकाशा आहे माझ्याकडे, आंबील ओढा त्यात दिसतो. तो मोठा करून आणतो, भिंतीवर लावायला जागा ठेवा.