फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या माहितीपटांना जाण्यात अर्थ आहे का?

पूर्वा_दादर
आमच्या जवळच्या एका संग्रहालयात पुढचे चार रविवार फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे साठच्या दशकातले माहितीपट दाखवणार आहेत. लेक १९ वर्षांची, तिला जायचंच आहे. माझ्या डोक्यात मात्र धरण, गव्हाचं शेत आणि मागून येणारा तो भारदस्त आवाज एवढंच उरलंय. थेटरात पिक्चरच्या आधी हे लागायचे, आम्ही तेवढ्या वेळात बाहेर वडे खाऊन यायचो. यादीत 'आय ॲम ट्वेंटी', 'एक्सप्लोरर', चित्रकार हुसेन यांचा एक आणि सुखदेव यांचा 'इंडिया ६७' आहे. एकच रविवार जमणार असेल तर कुठला?

कोपऱ्यातली_खुर्ची
यातले बरेच यूट्यूबवर फुकट आहेत. रविवारची लोकल कशाला?

ऑपरेटरमामा
ताई, जा. मी इस्लामपूरला थेटरात ऑपरेटर होतो, १९७१ पासून. तुम्ही वडे खात होता तेव्हा हे सगळं आम्ही केबिनच्या भोकातून बघत होतो. एक रीळ आठवडाभर, रोज तीन खेळ. हिशेब करा.

परवान्याची अटच होती: पिक्चरच्या आधी सरकारमान्य फिल्म लावायचीच, २००० फुटांपर्यंत, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. भाडं मालकाने भरायचं. मालक त्याला दंड म्हणायचे. आमच्या गावापर्यंत प्रिंट येईतो तिच्यावर पावसासारख्या रेघा पडलेल्या असायच्या आणि कडेची भोकं फाटलेली. आधी ती जोडत बसायचं, मग खेळ.

एकदा डब्यातून प्रमोद पतींचा 'एक्सप्लोरर' (१९६८) निघाला. जेमतेम सात मिनिटं, निवेदनाचा एक शब्द नाही. नाचणारी पोरं, देवांची चित्रं, यंत्रं, पापणी लवायच्या आत सगळं पालटतंय. मॅनेजर जिना चढून धापा टाकत आले, "रीळ तुटलंय काय रे? बंद कर!" खाली शिट्ट्या. मी डब्यावरचं नाव दाखवलं तरी त्यांना पटेना. मलाही सोमवारपर्यंत काही कळलं नव्हतं. गुरुवारी मात्र मी पुढचं रीळ दुसऱ्या मशीनवर चढवायचं सोडून तेच बघत उभा राहिलो, आणि पिक्चर उशिरा सुरू झाला म्हणून बोलणी खाल्ली.

साठच्या दशकात फिल्म्स डिव्हिजनला ज्याँ भावनगरी सल्लागार म्हणून आले होते, त्यांनी फिल्म काढणाऱ्या पोरांना मोकळं सोडलं. म्हणून धरणांच्या रांगेत ह्या असल्या चिजा निघाल्या. हुसेनचा 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' (१९६७) त्यातलाच. राजस्थान, छत्री, कंदील, जोडा, बोलणं शून्य. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सोनेरी अस्वल हा पुरस्कार मिळाला त्याला. आमच्याकडे लोक विचारत, "छत्रीची जाहिरात आहे का?"

एकच बघायचा तर लेकीला शास्त्रींचा 'आय ॲम ट्वेंटी' (१९६७) दाखवा. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या मुलामुलींना विचारलंय, तुमचं काय चाललंय, देशाचं काय वाटतं. सरकारच्याच पैशाने काढलेली फिल्म, पण पोरं गोड गोड बोलत बसत नाहीत. ती वीसची, तुमची एकोणीसची. परत येताना गाडीत ती गप्प बसणार नाही, एवढं लिहून देतो.

आणि खुर्चीवाले, यूट्यूबवर मीही बघतो. पण हातातल्या पडद्यावर 'एक्सप्लोरर' लागला की माणूस बोटाने पुढे सरकवतो. थेटरात सुटका नसते, ते बरं असतं.

पूर्वा_दादर
मामा, फोन करून विचारलं. प्रिंट नाही, डिजिटल आहे. 'आय ॲम ट्वेंटी' आणि 'एक्सप्लोरर' एकाच दिवशी, दुसऱ्या रविवारी. दोन तिकिटं सांगून ठेवली.

ऑपरेटरमामा
डिजिटल तर डिजिटल, रेघा तरी नसतील. 'एक्सप्लोरर'ला कुणी शिट्टी मारली तर इथे येऊन लिहा.