यॉर्कटाउनचा विजय नेमका कोणाचा?

निवृत्त नौसैनिक
येथील एका चर्चेत ‘डोंगरवाट’ यांनी लिहिले की, अमेरिकेतील शेतकऱ्यांनी स्वबळावर इंग्रजी साम्राज्य नमवले आणि फ्रेंच मंडळी अखेरीस आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस व्हर्जिनियातील यॉर्कटाउनला वेढ्यात सापडून शरण आला; त्या यॉर्कटाउनचा निकाल खंदकांत नव्हे, तर समुद्रावर ५ सप्टेंबर १७८१ रोजी लागला. त्या सकाळी फ्रेंच ॲडमिरल द ग्रासचे आरमार चेसापीक खाडीच्या मुखाशी नांगरून पडले होते आणि त्याचे शेकडो खलाशी व अधिकारी सैन्य उतरवण्यासाठी किनाऱ्यावर गेलेले होते. इंग्रजांची शिडे क्षितिजावर दिसल्यावर ओहोटी लागेपर्यंत त्याने वाट पाहिली, नांगरांचे दोर कापून टाकले आणि अपुऱ्या माणसांनिशी २४ जहाजे बाहेर काढली. ज्याने नौदलात नोकरी केली आहे, त्यालाच नांगर टाकून निघण्याचा निर्णय किती जड असतो हे ठाऊक असते. इंग्रज ॲडमिरल ग्रेव्हजकडे १९ जहाजे होती, वाराही त्याला अनुकूल होता. पण त्याच्या निशाणांचा अर्थ लावताना गोंधळ झाला आणि त्याचा दुय्यम हूड याची पिछाडी जवळजवळ लढलीच नाही. पुढचे काही दिवस दोन्ही आरमारे एकमेकांना जोखत राहिली, तेवढ्या अवधीत दुसरा फ्रेंच नौसेनानी बारास याने न्यूपोर्टहून वेढ्याच्या जड तोफा खाडीत आणून पोहोचवल्या. कॉर्नवॉलिसच्या सुटकेची आशा तेथेच संपली. आपल्याकडे लढाई म्हटली की घोडदळ आणि किल्ले एवढेच शिकवले जाते; आरमाराचा विषय कान्होजी आंग्र्यांपाशी सुरू होऊन तेथेच संपतो, याची खंत मला आयुष्यभर वाटत आली आहे.

डोंगरवाट
आपल्या अनुभवाचा आदर राखून विचारतो: मदत करायला कोणी शिल्लकच उरले नसते, तर फ्रेंचांनी मदत कोणाला केली असती? फ्रान्सशी तह झाला ६ फेब्रुवारी १७७८ रोजी. त्याआधी ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे इंग्रज सेनापती बर्गॉइनची संपूर्ण फौज शरण आलेली होती. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री व्हर्जेन याच्यासारखा मुत्सद्दी हरणाऱ्या घोड्यावर पैसे लावणारा नव्हता. आणि आरमाराचे एवढे गोडवे गाताना फ्रेंच ॲडमिरल देस्तँला का विसरता? १७७८ मध्ये न्यूपोर्टच्या वेढ्यात वादळाने जहाजे मोडल्यावर तो दुरुस्तीसाठी बॉस्टनला निघून गेला आणि जमिनीवरचे अमेरिकी सैन्य उघडे पडले. पुढच्या वर्षी सव्हाना येथे त्याने घाईने हल्ला चढवला आणि सपाटून मार खाल्ला. १७८१ मध्ये जमले, त्यात इंग्रज ॲडमिरल रॉडनीची कृपाही मोठी होती. कॅरिबियनमधील सेंट युस्टेशियस बेटाची लूट आटोपून तो प्रकृतीच्या कारणास्तव मायदेशी गेला आणि हूडबरोबर अवघी १४ जहाजे उत्तरेला पाठवली. शत्रूची चूक ही मित्राची कर्तबगारी ठरत नाही.

कृष्णाकाठ
मी गेली बरीच वर्षे व्हर्जिनियात राहते. मुलांना घेऊन यॉर्कटाउनला गेले, तेव्हा इंग्रजांचे ९ आणि १० क्रमांकांचे बुरूज प्रत्यक्ष पाहिले. दोन्ही मातीचे, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर; दहाव्याचा बराचसा भाग तर नदीने केव्हाच गिळला आहे. १४ ऑक्टोबरच्या रात्री नववा फ्रेंचांनी घेतला आणि दहावा हॅमिल्टनच्या अमेरिकी तुकडीने. आमच्या वाटाड्याने मात्र सगळा वेळ हॅमिल्टनवरच खर्च केला. नवव्यावर अधिक माणसे पडली, ते फ्रेंच सैनिक कोण होते, हे माझ्या मुलाने विचारले, तेव्हा त्याने विषय बदलला. त्याचा मला आजही संताप येतो. शरणागतीच्या दिवशी कॉर्नवॉलिसचा दुय्यम ओहारा तलवार घेऊन आधी फ्रेंच सेनापती रोशाम्बोकडे वळला होता, हे डोंगरवाट यांनी लक्षात घ्यावे.

डोंगरवाट
आणि त्याला वॉशिंग्टनकडे वळवण्यात आले, हेही लक्षात घ्यावे! रोशाम्बो वॉशिंग्टनच्या आधिपत्याखाली लढत होता, म्हणूनच तसे घडले. अर्धीच गोष्ट सांगणे हा या चर्चेचा नियम झाला आहे काय?

कृष्णाकाठ
अर्धी गोष्ट तर आपण सांगता आहात. वॉशिंग्टनला न्यूयॉर्कवर हल्ला हवा होता. दक्षिणेकडे चेसापीकला जाण्याचा आग्रह रोशाम्बोचा होता. वाटेत अमेरिकी शिपायांनी पगारासाठी कुरकुर केली, तेव्हा रोख नाणी रोशाम्बोच्याच खजिन्यातून द्यावी लागली.

रेवदंडावासी
हा सगळा वाद अटलांटिकवरच का अडकून पडला आहे? याच फ्रान्सचा दूत सेंट ल्यूबिन १७७७ मध्ये आमच्या चौलच्या बंदरात उतरून पुण्याला नाना फडणवीसांच्या भेटीस गेला होता. मुंबईकर इंग्रजांचा त्यामुळे थरकाप उडाला आणि कलकत्त्याहून हेस्टिंग्जने फौज धाडली, त्यामागे हीही भीती होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज शरण आले, ते याच जागतिक युद्धाच्या काळात. आमच्या गावात या घटनेची साधी पाटीसुद्धा नाही.

डोंगरवाट
प्रत्येक चर्चा पुण्याला आणून बांधण्याची ही सवय आता असह्य झाली आहे. सेंट ल्यूबिनकडून नानांना एक तरी पलटण मिळाली काय? वडगाव मराठ्यांनी जिंकले, फ्रेंचांनी नव्हे. आपल्याच पूर्वजांचे श्रेय आपण परक्याच्या ओंजळीत टाकता आहात.

रेवदंडावासी
शब्द जपून वापरावेत. वडगाव फ्रेंचांनी जिंकले, असे मी कोठेही म्हटलेले नाही. फ्रेंच येतील या नुसत्या धाकाने इंग्रजांच्या हालचाली बदलल्या, एवढेच माझे म्हणणे आहे. नाना फ्रेंचांवर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी त्या दूताचा उपयोग प्यादे म्हणून केला आणि मग त्याला निरोप दिला. मराठ्यांशी झालेल्या १७८२ च्या सालबाईच्या तहात युरोपीय सत्तांना वखारी घालू न देण्याचे कलम इंग्रजांनी घालून घेतले, पोर्तुगीजांचा तेवढा अपवाद ठेवला. धाक खोटा असता, तर त्या कलमाची गरज काय होती?

निवृत्त नौसैनिक
रेवदंडावासी यांचा मुद्दा मला पटतो. १७८२-८३ मध्ये फ्रेंच ॲडमिरल सफ्रँने मद्रासच्या किनाऱ्यापासून श्रीलंकेतील त्रिंकोमालीपर्यंत इंग्रज ॲडमिरल ह्यूजशी पाच लढाया केल्या आणि हैदरअलीला समुद्राकडून आधार दिला. तेही याच युद्धाचे अंग होते. इंग्रजी आरमाराला कॅरिबियनपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पांगावे लागले. बंडखोर वसाहतींना ते एकट्याने कधीही साधले नसते.

शेवटचे पान
खर्चाविषयी कोणीच बोलत नाही. हे युद्ध राज्याला झेपणार नाही, असे फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो याने आधीच बजावले होते. १७७६ मध्ये अमेरिकेला छुपी मदत धाडण्यासाठी नाटककार बोमार्शेने काढलेल्या नावापुरत्या पेढीत राजाने ओतलेल्या दहा लाख लिव्रपासून (लिव्र म्हणजे तेव्हाचे फ्रेंच चलन) सुरुवात झाली आणि एकूण खर्च शंभर कोटी लिव्रच्या घरात गेला, तोही बहुतांशी कर्ज काढून. माझ्या वडिलांनी भावकीच्या भांडणात दुसऱ्यासाठी जामीन राहून घर गमावले. त्यामुळे सोळाव्या लुईचा हा हिशेब मला अंगावर येतो. त्या बदल्यात काय मिळाले? परस्परांच्या संमतीशिवाय तह करायचा नाही, असा करार असताना अमेरिकी वकिलांनी ३० नोव्हेंबर १७८२ रोजी व्हर्जेनला अंधारात ठेवून इंग्रजांशी प्राथमिक तहावर सह्या केल्या.

डोंगरवाट
त्या सह्यांचे समर्थन मी करणार नाही. द ग्रासवाचून यॉर्कटाउन पडले नसते, हेही मान्य करतो, कारण निवृत्त नौसैनिकांच्या त्या एका दिवसाच्या वर्णनाला माझ्यापाशी उत्तर नाही. परंतु अमेरिकेचे स्वातंत्र्य ही फ्रान्सची देणगी होती, हे मी कदापि मान्य करणार नाही. एप्रिल १७८२ मध्ये हाच द ग्रास कॅरिबियनमधील सेंट्सच्या लढाईत इंग्रजांच्या कैदेत पडला, तरीही अमेरिकेचे सैन्य उभेच होते.

रेवदंडावासी
फसवणुकीचाच विषय निघाला आहे, तर मंगळूरही सांगा. १७८३ मध्ये युरोपातील तहाची बातमी येताच तेथे इंग्रजांना टिपूने घातलेल्या वेढ्यातले फ्रेंच सैनिक बाजूला झाले आणि टिपू एकटा पडला. व्हर्जेनला अमेरिकेने जे केले, तेच फ्रान्सने टिपूला केले. शेवटचे पान यांनी लुईचा हिशेब मांडताना तो हिशेबही त्याच वहीत लिहावा.