गांधीहत्येची ‘चौथी गोळी’ आणि ग्वाल्हेरचे तीन फरारी

लष्करकर :
काल येथे एका सभासदांनी लिहिले की, गोडसेच्या तीन गोळ्यांखेरीज गांधीजींवर चौथी गोळी दुसऱ्याच कोणी झाडली, सरकारने ते दडपले आणि फेरतपास मागणाऱ्या संशोधकांच्या पाठीशी ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींनी उभे राहावे. हे वाचून राहवले नाही. हीच मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. न्यायालयाने नेमलेल्या ज्येष्ठ वकिलांनी कागदपत्रे तपासून फेरतपासाची गरज नसल्याचे कळवले आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. प्रार्थनेच्या गर्दीत किती आवाज ऐकू आले, यावरच्या बातम्या हा काही पुरावा होत नाही.

दौलतगंजवाले :
याचिका फेटाळली म्हणून शंका फिटत नाही. मुळात अधिकृत कथन एकच आहे कुठे? लाल किल्ल्यातील खटल्यात न्या. आत्माचरण यांनी १९४९ मध्ये सावरकरांना निर्दोष सोडले, तर न्यायालयापुढे न आलेल्या जबान्या पाहून हत्येच्या कटाची फेरचौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने १९६९ मध्ये नेमका उलट निष्कर्ष नोंदवला. सरकारदरबारीच एवढी तफावत असताना प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प का बसवता? कटातले आरोपी, आपल्या ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांना त्या खटल्यात जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तरी गावाच्या कपाळावरचा डाग गेला नाही. आमच्या आजोबांच्या घराची हत्येनंतरच्या फेब्रुवारीत झडती झाली. पोलिसांनी देवघरातील पोथ्यासुद्धा जमिनीवर उपड्या केल्या. आजी शेवटपर्यंत सांगे की, आडनाव मराठी एवढाच आमचा गुन्हा होता.

जिवाजीगंज :
आपल्या आजोबांना झालेला त्रास मी नाकारत नाही, पण गावाच्या अब्रूसाठी इतिहास झाकू नका. २० जानेवारी १९४८ चा गांधीजींच्या प्रार्थनासभेतला बॉम्बचा बेत फसल्यावर गोडसे आणि आपटे ग्वाल्हेरला आले, परचुऱ्यांच्या घरी उतरले आणि इथूनच बेरेटा पिस्तूल घेऊन दिल्लीला गेले. दंडवते, जाधव आणि शर्मा हे तिघे फरारी आरोपीही इथलेच होते. परचुरे सुटले म्हणून पिस्तुलाचा प्रवास पुसला जात नाही.

दौलतगंजवाले :
मी काय झाकले? शब्द जपून वापरा. चार पिढ्या आम्ही या गावात काढल्या आहेत. त्या तिघांवर खटलाच चालला नाही, हे माझ्याच बाजूचे आहे.

लष्करकर :
ते आपल्या बाजूचे आहे, हे मला मान्य करावे लागते. पण तपास कुठे अपुरा राहिला, हा खरा प्रश्न चौथ्या गोळीच्या गदारोळात बुडतो, हीच माझी तक्रार आहे. बॉम्ब उडवणारा मदनलाल पाहवा २० तारखेला जागीच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत त्याच्या ओळखीचे प्रा. जैन यांनी त्याच्याविषयी तेव्हाचे मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाईंना सांगितले आणि देसाईंनी ते पोलीस अधिकारी नगरवाला यांच्या कानावर घातले. हत्येला तेव्हा नऊ दिवस होते. त्या दिवसांत दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांनी काय केले आणि काय केले नाही, हे कपूर आयोगाच्या अहवालात पानोपानी आहे. संशोधकांनी तिथे खणावे. मी स्वतः त्यांना जुनी कागदपत्रे शोधून देईन.

जिवाजीगंज :
आणि ग्वाल्हेरातील ते दोन दिवस?

लष्करकर :
तेही खणावेत, नावांनिशी.

दौलतगंजवाले :
ठीक आहे. चौथ्या गोळीचा आग्रह मी तूर्त धरत नाही. मात्र देवघरातील झडतीसुद्धा त्या नोंदीत यावी.