मदत हवी आहे : आरसिंकच्या ड्राय रनमध्ये ‘कऱ्हाड’ पुसले जाणार असे का दिसते?

नमस्कार.

सातारा जिल्हा आणि आसपासच्या भागातील वीरगळ, सतीशिळा व शिलालेख यांची छायाचित्रे मी गेली काही वर्षे हौसेने जमवीत आहे. मूळ संग्रह घरच्या लिनक्स संगणकावर, ईएक्सटी४ या फाइल साठवण्याच्या पद्धतीच्या डिस्कवर आहे. दोन वर्षांपूर्वी तो संपूर्ण संग्रह एका जुन्या मॅकला जोडलेल्या, एचएफएस प्लस पद्धतीच्या बाह्य डिस्कवर उतरवला, कारण छायाचित्रे कातरणे आणि सरळ करणे हे काम माझा पुतण्या त्या मॅकवर बसून करतो. त्याचे काम आता संपले आहे आणि मॅकवरील सुधारलेला संग्रह आरसिंकने, म्हणजे दोन ठिकाणचे फोल्डर एकसारखे करणाऱ्या साधनाने, लिनक्सवर परत आणायचा आहे. जी छायाचित्रे त्याने अस्पष्ट म्हणून काढून टाकली, ती लिनक्सवरूनही जावीत अशी इच्छा असल्यामुळे --डिलीट हा पर्याय वापरणे भाग आहे. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलमध्ये अर्थातच त्या मूळ रूपात दिल्या होत्या.)

पुसणारी आज्ञा थेट चालवण्याचे धाडस माझ्यात नाही, म्हणून मॅकवरून एसएसएचमार्गे (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून) आधी ड्राय रन, म्हणजे काहीही न बदलता काय बदलेल ते दाखवणारी रंगीत तालीम, घेतला. पर्याय असे होते : -ए, -व्ही, -आय (प्रत्येक बदलाची यादी), -एन (ड्राय रन), --डिलीट, आणि देवनागरी नावे वाचता यावीत म्हणून -८. दोन्ही बाजूंच्या मार्गांच्या शेवटी तिरकी रेघ दिलेली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

एकूण सुमारे ६,४०० फायलींपैकी तब्बल २,१३७ ओळींच्या आरंभी ‘*डिलीटिंग’ असे आले. पुतण्याने फार तर दहा-पंधरा छायाचित्रे काढली असतील. अधिक बारकाईने पाहिल्यावर गोंधळ आणखी वाढला, कारण जी फाइल पुसली जाणार आहे, त्याच नावाची फाइल त्याच यादीत खाली ‘<एफ’ आणि त्यापुढे ओळीने अधिकचिन्हे अशा खुणेने, म्हणजे लिनक्सवर अस्तित्वातच नसलेली नवी फाइल म्हणून, पाठवली जाणार असल्याचे दिसते. दोन्ही नावे मी अक्षर अक्षर लावून पाहिली. डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही.

सर्वांत विचित्र भाग पुढेच आहे. सातारा, वाई, पाटण, कोरेगाव आणि फलटण हे फोल्डर जवळजवळ पूर्ण शांत आहेत. त्यांत जेथे खरोखर बदल झाला आहे, तेथेच आकार आणि वेळ बदलल्याची खूण येते. ‘कऱ्हाड’, ‘कऱ्हेकाठ’ आणि ‘चऱ्होली’ हे तीन फोल्डर मात्र समूळ पुसून नव्याने पाठवले जाणार आहेत. शिवाय वाईच्या फोल्डरमधील ‘तिसऱ्या पायरीवरील वीरगळ’ ही एकच फाइल त्याच रोगाने पछाडलेली आहे. ड्राय रन खोटे सांगत आहे, की माझ्या संग्रहात खरोखरच काही बिघाड आहे? प्रत्यक्ष आज्ञा चालवली तर छायाचित्रे सुखरूप राहतील का?

प्रतिसाद १

मार्गाच्या शेवटच्या तिरक्या रेघेकडे पुन्हा एकदा पाहावे. स्रोताच्या शेवटी ती नसेल, तर फोल्डरमधील सामग्रीऐवजी फोल्डरच गंतव्याच्या आत जाऊन बसतो आणि गंतव्यातील जुने सर्व काही अनावश्यक ठरते. दहापैकी नऊ वेळा चूक तेथेच असते.

प्रतिसाद २

रेघेची चूक असती, तर सातारा आणि वाईही पुसले गेले असते. येथे तसे नाही. धागाकर्त्याने दिलेली उदाहरणे पुन्हा वाचावीत. कऱ्हाड, कऱ्हेकाठ, चऱ्होली, तिसऱ्या. या चारही नावांत ‘ऱ’ आहे आणि शांत राहिलेल्या एकाही फोल्डरच्या नावात तो नाही.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाणकामध्ये, ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते : एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. प्रमाणकाच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत आणि चांगला टंक ती सारखीच दाखवतो. लिनक्सची ईएक्सटी४ ही पद्धत नावाकडे केवळ बाइट्सची माळ म्हणून पाहते आणि आपण जे टंकले तेच ठेवते. मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावरून ‘ऱ’ टंकला की एकसंध चिन्ह पडते. एचएफएस प्लस मात्र नाव साठवतानाच त्याची फोड करते. म्हणजे दोन वर्षांपूर्वी संग्रह मॅकवर गेला, त्याच क्षणी कऱ्हाडच्या ‘ऱ’चे दोन तुकडे झाले. आता परत येताना आरसिंक बाइट्सची तुलना करतो, त्याला ही दोन वेगळी नावे दिसतात, आणि त्याच्या हिशेबाने एक पुसणे व दुसरे नव्याने पाठवणे हाच बरोबर मार्ग ठरतो.

खात्री करणे सोपे आहे. -८ काढून टाकावा, आज्ञेच्या आधी एलसी_ऑल=सी असे लिहावे आणि तोच ड्राय रन पुन्हा घ्यावा. आरसिंक तेव्हा देवनागरी अक्षरे न छापता प्रत्येक बाइटचा अष्टमान अंक छापील. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचे असते आणि त्याचा आरंभ ३४०-२४४ किंवा ३४०-२४५ ने होतो. एकसंध ‘ऱ’ ३४०-२४४-२६१ असा दिसेल. फोड झालेला ‘ऱ’ ३४०-२४४-२६० आणि लगेच पुढे ३४०-२४४-२७४ असा दिसेल.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की ड्राय रन खोटे बोललेला नाही. -आय या पर्यायाची यादी ड्राय रनमध्ये आणि प्रत्यक्ष धावेत तंतोतंत सारखी यायला हवी आणि तशी आली नाही तर तो दोष मानावा, असे आरसिंकच्या माहितीपुस्तिकेतच लिहिले आहे. आज्ञा चालवली असती, तर छायाचित्रे बहुधा वाचली असती, कारण ती मॅकवरून पुन्हा आली असती. पण दोन हजारांवर फायली विनाकारण दुसऱ्यांदा वाहून नेल्या गेल्या असत्या, आणि मध्येच जोडणी तुटली असती, तर जुनी प्रत गेलेली व नवी अर्धवट आलेली अशी अवस्था झाली असती.

प्रतिसाद ३

फोल्डरला सरकारी कागदांप्रमाणे ‘कराड’ असे नाव दिले असते, तर हा धागाच निघाला नसता! असो. उपाय सांगतो. मॅकवरून आज्ञा देताना --आयकॉन्व्ह हा पर्याय जोडावा आणि त्याला ‘यूटीएफ-८-मॅक, यूटीएफ-८’ अशी जोडी द्यावी. या जोडीतील पहिले नाव नेहमी आपण बसलो आहोत त्या यंत्राचे आणि दुसरे पलीकडच्या यंत्राचे असते; फायली पाठवत असलो किंवा आणत असलो, तरी हा क्रम बदलत नाही. त्यामुळे नावांची फोड वाटेतच सांधली जाते आणि तुलना सरळ होते.

एक अडचण येऊ शकते. जुन्या मॅकसोबत आलेला आरसिंक २.६.९ या आवृत्तीचा असतो आणि हा पर्याय २००८ मध्ये आलेल्या ३.०.० पासूनचा आहे. तेव्हा होमब्रू या मॅकवर साधने बसवणाऱ्या संचातून नवा आरसिंक घ्यावा लागेल. पलीकडचा आरसिंकही तिसऱ्या मालिकेतील हवा, पण लिनक्सवर ती चिंता बहुधा नसते.

हे जुळले नाही, तर लिनक्सवरील नावे कन्व्हएमव्ही या साधनाने मॅकच्या रूपात बदलून घेता येतील. त्या साधनाची रीत मला आरसिंकपेक्षा अधिक शहाणी वाटते : काहीही न सांगता चालवले, तर ते केवळ काय बदलेल ते दाखवते आणि --नोटेस्ट असे स्पष्ट लिहिल्याशिवाय एकाही नावाला हात लावत नाही. आरसिंकमध्ये रंगीत तालीम मागून घ्यावी लागते. येथे प्रयोग मागून घ्यावा लागतो.

प्रतिसाद ४

जाता जाता : आरक्लोन हे साधन तुलना करताना अशा समतुल्य नावांना मुळातच एक मानते, त्यामुळे तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मात्र त्याची सिंक ही आज्ञा गंतव्यातील जादा फायली वेगळे काही न सांगताही पुसते, त्यामुळे तेथे --ड्राय-रन अधिकच आवश्यक. विंडोजवरील रोबोकॉपीत हेच काम /एल करतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ मध्ये सांगितल्याप्रमाणे अंक छापून पाहिले आणि पुसल्या जाणाऱ्या नावांत २६१, तर पाठवल्या जाणाऱ्या नावांत २६० व २७४ अशी जोडी स्पष्ट दिसली. माझ्या मॅकवरील आरसिंक खरोखरच २.६.९ निघाला, त्याने --आयकॉन्व्ह हा अनोळखी पर्याय आहे असे सांगून काम थांबवले. होमब्रूमधून नवा आरसिंक घेऊन तोच ड्राय रन पुन्हा घेतला, तेव्हा पुसण्याच्या ओळी २,१३७ वरून ६९ वर आल्या. कऱ्हाड आणि चऱ्होली शांत झाले.

उरलेल्या ६९ पैकी ५८ ओळी मात्र अजूनही ‘कऱ्हेकाठ’ या एकाच फोल्डरच्या आहेत. ज्या औषधाने बाकीचे बरे झाले, ते येथेच का लागू पडले नाही?

प्रतिसाद २

या फोल्डरच्या नावाचे अंक येथे द्यावेत. मॅकच्या बाजूच्या नावात ३४२-२००-२१५ असे काही दिसते का?

धागाकर्ता

होय, दिसते. ‘र’नंतर ३४०-२४५-२१५ आणि लगेच पुढे ३४२-२००-२१५. २७४ कोठेच नाही.

प्रतिसाद २

मग प्रश्न सुटला. ३४०-२४५-२१५ हे हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढचे चिन्ह म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. काही कळफलकांवर ‘ऱ्ह’ असे टंकले, की ‘ऱ’ न पडता साधा ‘र’, हलन्त आणि हा अदृश्य जोडक अशी रचना पडते. वाचणाऱ्याला ते अक्षर तसेच दिसते, पण हे रूप युनिकोडच्या लेखी ‘ऱ’शी समतुल्य नाही, म्हणून कोणतेही रूपांतर ते सांधणार नाही. हे फोल्डर कोणीतरी मॅकवर नव्याने टंकलेले असणार. हाताने नाव दुरुस्त करणे हाच उपाय आहे.

प्रतिसाद ३

दुरुस्तीनंतर प्रत्यक्ष धाव घेताना दोन कुंपणे घालावीत असे सुचवतो. पहिले म्हणजे --मॅक्स-डिलीट. ड्राय रनमध्ये पुसण्याच्या जितक्या ओळी येतील, त्याहून किंचित मोठी संख्या त्याला द्यावी. ती मर्यादा गाठली की आरसिंक पुढचे पुसणे सोडून देतो आणि शेवटी २५ हा निर्गम-संकेत परत करतो. दुसरे म्हणजे --बॅकअप आणि --बॅकअप-डीआयआर, ज्यामुळे पुसलेल्या आणि बदललेल्या फायलींची जुनी प्रत बाजूच्या फोल्डरमध्ये जाते. त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग द्यावा आणि तो संग्रहाच्या बाहेरचा असावा, कारण अपुरा मार्ग दिला तर आरसिंक तो गंतव्याच्या आतला समजतो.

ही कुंपणे सुचवण्याचे कारण असे की ड्राय रन ही त्या क्षणाची पाहणी आहे. ती घेतल्यानंतर आणि खरी धाव सुरू होण्यापूर्वी बाह्य डिस्क निसटली आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर उरला, तर आधीच्या यादीला काहीच अर्थ राहत नाही. पलीकडे पुरेशी जागा आहे का, हेही ड्राय रन पाहत नाही. ते डीएफ या आज्ञेने वेगळे पाहावे. तसेच त्याच्या शेवटी छापलेल्या ‘स्पीडअप’च्या भल्यामोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नये, कारण मजकूर प्रत्यक्षात पाठवलेलाच नसतो.

धागाकर्ता

पुतण्याला विचारले. ‘कऱ्हेकाठ’ हे नाव आधी त्याच्याकडून चुकून बदलले गेले होते आणि त्याने ते फोनवर टंकून मॅकवर चिकटवले होते. लिनक्सवरील नाव तेथे डकवल्यावर पुढच्या ड्राय रनमध्ये पुसण्याच्या नेमक्या ११ ओळी उरल्या. त्या सर्व मी त्याच्यासमोर वाचून दाखवल्या. दहा छायाचित्रे खरोखरच अस्पष्ट होती; अकरावे पाटणच्या एका सतीशिळेचे होते आणि ते त्याने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले होते. आरसिंक हलवलेली फाइल ओळखत नसल्यामुळे ती एकीकडे पुसलेली आणि दुसरीकडे नवी म्हणून आली होती.

काल रात्री --मॅक्स-डिलीट=१५ आणि बॅकअपचा बाहेरचा फोल्डर देऊन, -एन काढून आज्ञा चालवली. ड्राय रनची आणि खऱ्या धावेची यादी दोन फायलींत ठेवून डिफने तुलना केली. एकाही ओळीचा फरक निघाला नाही. बॅकअपचा फोल्डर महिनाभर तसाच ठेवणार आहे. धागा बंद केल्यास हरकत नाही. फोल्डरचे नाव मात्र ‘कराड’ करणार नाही.