जर्मनी: पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे विद्यार्थी व्हिसा करून घेता येतो का?

मुलुंडची आई

नमस्कार. माझ्या मुलीने मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकलची पदवी घेतली असून तिला ड्रेस्डेन येथे एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते. भारतीय पदवीची कागदपत्रे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे, म्हणजे एपीएसचे, प्रमाणपत्र आम्ही फेब्रुवारीतच, १८,००० रुपये भरून घेतले होते, त्यामुळे ती पायरी झाली आहे. आता व्हिसाचा प्रश्न आहे.

आम्ही एका सल्लागाराकडे गेलो होतो. त्यांनी असे सांगितले की विद्यार्थी व्हिसाची वेळ मिळायला उशीर होईल, तेव्हा मुलीने पर्यटक व्हिसावर जावे आणि तिथे गेल्यावर तो बदलून घ्यावा. ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे तिथल्या वर्षभराच्या खर्चाचा पुरावा म्हणून उघडायच्या खात्यासाठी, लागणारी रक्कम काही महिन्यांपुरती आम्हीच उभी करून देऊ, त्यावर ठरावीक कमिशन द्यावे लागेल, असेही ते म्हणाले. माझे यजमान यंदा निवृत्त झाले आहेत. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मोडावेत की शैक्षणिक कर्ज काढावे, या विचारात आम्ही असताना ही तिसरी वाट ऐकून आम्ही गोंधळून गेलो आहोत.

आणखी दोन शंका आहेत. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर तिचे नाव आडनावापासून सुरू होऊन पुढे तिचे, वडिलांचे आणि शेवटी माझे असे चार शब्दांत आहे, तर पासपोर्टवर आईचे नाव कुठेच नावात नाही. यामुळे अडचण येईल का? दुसरे म्हणजे, माझा भाचा माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून एम.टेक. करून पीएच.डी.साठी जर्मनीलाच निघाला आहे. त्यालाही हेच सारे करावे लागेल, की संशोधकांचे नियम वेगळे असतात? आमच्या घरातून याआधी कोणी शिकायला बाहेर गेलेले नाही, म्हणून एवढे सविस्तर विचारते आहे.

---

माहीमचा, सध्या आखेन

ताई, सर्वांत आधी पर्यटक व्हिसाची गोष्ट मनातून काढून टाका. नव्वद दिवसांपर्यंतचा शेंगेन व्हिसा, म्हणजेच हा पर्यटक व्हिसा, आणि दीर्घ मुक्कामाचा राष्ट्रीय व्हिसा, ज्याला डी व्हिसा म्हणतात, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जर्मन निवास कायद्याच्या पाचव्या कलमानुसार ज्या कामासाठी राहायचे आहे त्या कामाचा व्हिसा घेऊनच देशात शिरावे लागते. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय येऊन इथेच परवाना मागण्याची सोय आहे, आणि बहुधा त्यांचीच उदाहरणे ऐकून हा सल्ला फिरत असतो. भारतीय पासपोर्टला ती सोय नाही. शेंगेन व्हिसावर आलेल्या मुलीला परदेशी नागरिक कार्यालयात सांगतील की मुंबईला परत जा आणि तिथून अर्ज करा. तोवर तिचे सत्र निघून गेलेले असेल.

दुसरी सूचना तर त्याहून घातक आहे. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे इथल्या भाषेत श्पेअरकोन्टो, हे नुसते पैसे दाखवण्यासाठी नसते. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षासाठी ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि मुलगी इथे पोहोचल्यावर त्यांतून तिला दरमहा ९९२ युरोच मिळतात. (मी २०२३ मध्ये आलो तेव्हा हाच आकडा ११,२०८ होता.) त्याच पैशांतून तिने घरभाडे द्यायचे, विमा भरायचा, जेवायचे. सल्लागाराने आपली रक्कम परत मागितली तर ती जगणार कशावर? शिवाय निवास परवान्याच्या वेळी, आणि पुढे त्याच्या प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी, उदरनिर्वाहाचा पुरावा पुन्हा मागितला जातो. व्हिसासाठी खोटी माहिती देणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तो सल्लागाराच्या नव्हे तर अर्जदार मुलीच्या नावावर लागतो. कृपया त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

आता जे मला येण्यापूर्वी कोणीच नीट सांगितले नव्हते ते लिहितो. व्हिसा म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. पासपोर्टवर जो डी व्हिसा चिकटवून मिळतो तो सहसा काही महिन्यांचाच असतो. तेवढ्या मुदतीत इथे येऊन स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेकडे, निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. त्या अर्जाला पत्त्याची नोंदणी लागते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात ती करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. आणि नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा एक ठरावीक फॉर्म लागतो, जो सगळेच घरमालक देत नाहीत. म्हणजे साखळी उलट्या बाजूने पाहिली तर परवाना नोंदणीवर, नोंदणी त्या सहीवर आणि सही घरावर अवलंबून आहे. मी पहिले पाच आठवडे एका मित्राच्या सोफ्यावर काढले. राहण्याची सोय झाली, पण त्याच्या घरमालकाने माझ्यासाठी सही करायला नकार दिला, त्यामुळे नोंदणी नाही, म्हणून बँकेचे खाते उघडता येईना, आणि खाते नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले माझेच पैसे मला मिळेनात. घरून आणलेल्या रोख युरोंवर मी तो काळ कसाबसा भागवला. म्हणून तुमच्या मुलीने व्हिसाच्या तयारीइतकाच जोर घर शोधण्यावर लावावा. विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेशपत्र हातात आहे तर आजच नाव नोंदवा. खाजगी घर घेताना घर न पाहता कोणालाही आगाऊ पैसे पाठवू नका, आणि अनामत मूळ भाड्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त मागता येत नाही हे लक्षात ठेवा.

निवास परवान्याची अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत महिनोन्महिने मिळत नाही. घाबरू नये. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचला असेल तर निर्णय होईपर्यंतचा मुक्काम कायदेशीरच राहतो आणि त्याचा दाखला मिळतो. मात्र त्या दाखल्यावर कोणत्या कलमाची नोंद आहे हे पाहिल्याशिवाय सुट्टीत भारतात येण्याचे तिकीट काढू नये, कारण काही नोंदींवर बाहेर गेल्यास परत प्रवेश मिळत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाने हे न पाहता तिकीट काढले होते. ते त्याला रद्द करावे लागले.

विम्याचे थोडक्यात सांगतो. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला विद्यार्थी दराने सार्वजनिक आरोग्य विमा घेता येतो, आणि विमा संस्थेने विद्यापीठाला थेट कळवल्याशिवाय नावनोंदणी होत नाही. ती होईपर्यंतच्या दिवसांसाठी वेगळा प्रवासी विमा घ्यावा, तो व्हिसाच्या वेळीही दाखवावा लागतो.

---

दहिसरचे बाबा

मुलगा गेल्या वर्षी गेला, म्हणून पैशांबद्दल आणि नावाबद्दल लिहितो.

कर्ज घेणार असाल तर एक गोष्ट शाखेत जाण्यापूर्वी समजून घ्या. बँकेला विद्यापीठाचे फीचे मागणीपत्र हवे असते आणि जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्कच नसते, सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी असते. आमच्या शाखेतल्या अधिकारी बाईंनी तीन वेळा विचारले की फी नाही, मग एवढी रक्कम कशासाठी? शेवटी ब्लॉक्ड अकाउंट देणाऱ्या संस्थेचे पत्र आणि दूतावासाच्या संकेतस्थळावरील कागदपत्रांची यादी छापून नेली, तेव्हा फाइल पुढे सरकली. यात आमचे जवळजवळ तीन आठवडे गेले. जर्मनीला कर्जमंजुरीचे नुसते पत्र चालत नाही, रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा व्हावी लागते, म्हणून हे तीन आठवडे आधीच हिशेबात धरा. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापला जात नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवल्यास आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या भागावर तो लागतो. विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते, पण तोवर पैसे अडकतात. निवृत्तीच्या पैशांचा विचार करताना हा फरक मोजावा असे मला वाटते.

पैसे पाठवताना मधल्या बँकांचे शुल्क कोण भरणार, हे फॉर्मवर विचारतात. ते आम्हीच भरू, असे तिथे लिहा. आम्ही ते पाहिले नाही आणि पलीकडे एकोणीस युरो कमी पोहोचले. खाते पूर्ण भरल्याचे पत्र त्या एकोणीस युरोंसाठी अडले आणि ते पुन्हा पाठवण्यात आठवडा गेला. मूळ रकमेपेक्षा शे-दीडशे युरो जास्तच पाठवावेत, ते कुठे जात नाहीत. व्हिसा नाकारला गेलाच तर नकाराचे पत्र दाखवून सगळी रक्कम परत घेता येते.

नावाचे म्हणाल तर मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकांवर आईचे नाव असतेच, हे मुंबईतल्या अर्जदारांच्या फायली पाहणाऱ्यांना नवीन नाही. आम्ही नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घेतले, त्यात दोन्ही प्रकारे नाव जसेच्या तसे लिहिले आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे नमूद केले. कोणी हरकत घेतली नाही. राजपत्रात नाव बदलण्याच्या भानगडीत केवळ शब्दांच्या क्रमासाठी पडू नका. मात्र एखाद्या गुणपत्रिकेवर स्पेलिंगच चुकले असेल तर ते आताच कलिन्याच्या परीक्षा विभागातून दुरुस्त करून घ्या. ब्लॉक्ड अकाउंट, विमा आणि व्हिसा या तिन्हीचे अर्ज पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच, एक अक्षरही न बदलता भरा.

---

चेंबूरची संशोधक

भाच्याबद्दल मी सांगू शकेन, कारण मी स्वतः पीएच.डी.साठी तिथे चार वर्षे होते. त्याला आधी एक गोष्ट विचारा: हातात नोकरीचा करार आहे, शिष्यवृत्ती आहे, की नुसता प्रवेश आहे? पुढचे सारे यावर ठरते.

जर्मन कायद्यात शिक्षणासाठीचा परवाना १६ब या कलमाखाली मिळतो आणि संशोधनासाठीचा १८ड या कलमाखाली. पीएच.डी. करणारा दोन्हींत बसू शकतो. विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने त्याला कामावर घेतले असेल किंवा त्याच्याशी संशोधनाचा यजमान करार (होस्टिंग अ‍ॅग्रीमेंट) केला असेल, तर १८ड हाच मार्ग घ्यावा. पगार पुरेसा असेल तर ब्लॉक्ड अकाउंटची गरज राहत नाही, कारण करार हाच उदरनिर्वाहाचा पुरावा ठरतो. आरोग्य विमा नोकरीतूनच होतो आणि वर्षाला किती दिवस काम करता येईल ही विद्यार्थ्यांवरची मर्यादा लागू होत नाही. लग्न झालेले असेल तर पत्नीलाही तिथे नोकरी करता येते. रसायनशास्त्रात बहुधा पूर्ण पगार देत नाहीत, ई-१३ या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असतो, म्हणून करारपत्रावर टक्केवारी किती आहे ते पाहून महिन्याचा हिशेब मांडावा.

या परवान्याचा आणखी एक उपयोग फारसा कोणाला माहीत नसतो. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशानुसार संशोधकाला त्याच परवान्यावर दुसऱ्या सदस्य देशातल्या प्रयोगशाळेत ३६० दिवसांपैकी १८० दिवसांपर्यंत काम करता येते. काही देशांत आधी कळवावे लागते. आयर्लंड आणि डेन्मार्क यात नाहीत. माझ्या मार्गदर्शकांनी मला फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेत चार महिने पाठवले तेव्हा नव्या व्हिसाचा खटाटोप वाचला. भाच्याला अर्ज करतानाच सांगा की व्हिसावर कोणत्या कलमाची नोंद होते आहे ते पाहून घे. माझ्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीच्या हातात पगाराचा करार असूनही तिने सवयीने विद्यार्थी म्हणून अर्ज केला, आणि नंतर परवाना बदलून घेण्यात तिचे पहिले वर्ष कार्यालयाच्या फेऱ्यांत गेले.

---

मुलुंडची आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सल्लागारांना आम्ही आज नकार कळवला आणि वसतिगृहाचा अर्ज मुलीने कालच भरला. भाच्याकडे नोकरीचा करार आहे, ६५ टक्क्यांचा, त्यामुळे त्याला चेंबूरच्या ताईंचा मजकूर जसाच्या तसा पाठवला आहे.

एक शंका उरली आहे. वेळ खरोखरच सप्टेंबरच्या अखेरीची मिळाली, आणि व्हिसा नाकारला गेला किंवा उशिरा आला, तर काय करायचे?

---

माहीमचा, सध्या आखेन

ताई, उशीर आणि नकार यांचा विचार वेगवेगळा करायला हवा.

उशिरासाठी आजच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला मेल लिहून नावनोंदणीची शेवटची तारीख वाढवून मिळेल का, किंवा प्रवेश पुढच्या सत्रावर नेता येईल का, हे विचारून ठेवावे. व्हिसाच्या रखडपट्टीची त्यांना सवय असते. अपॉइंटमेंटसाठी मात्र रोज पाहत राहावे. लोक वेळा रद्द करतात आणि त्या परत खुल्या होतात. मला मिळालेली वेळ अशीच एका सकाळी सापडली होती.

नकाराबाबत नियम बदलला आहे. पूर्वी निर्णयावर दूतावासाकडेच लेखी फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे एवढेच उरते, म्हणून पहिलाच अर्ज परिपूर्ण असायला हवा. हाच विषय का निवडला, आधीच्या पदवीशी त्याचा संबंध काय, शिकून पुढे काय करणार, हे ज्या पत्रात लिहायचे असते ते मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहावे. सल्लागारांकडची साचेबंद पत्रे एकसारखी असतात आणि मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडी पडतात. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल तिने एक परिच्छेद नीट लिहिला तरी पत्रात वजन येईल.

आणि एक लहानसे काम. घर मिळाले की पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीजवळ तिचे आडनाव चिकटवायला सांगा. इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि विम्याचे, बँकेचे, निवास परवान्याचे बरेचसे कागद टपालानेच येतात. माझ्या बँकेच्या पिनचे पाकीट असेच दोनदा परत गेले होते. मी शेवटी वहीच्या कागदाची पट्टी कापून, त्यावर आडनाव लिहून, सेलोटेपने लावली. ती अजून तशीच आहे.